आभाळाचे पाणी, बादलीचे पाणी

भाजी कोणाची, हा प्रश्न बाजारात पडत नाही. ज्याने पैसे मोजले त्याची. मी बागवानांच्या घरात वाढले. आमच्या जमातीच्या नावाचा अर्थ बाग राखणारा असा आहे, पण सोलापुरात लोक आम्हाला ओळखतात ते फळा-भाजीच्या गाड्यांवरून. पहाटे मार्केट यार्डात लिलाव, आठच्या आत गाडा चौकात. अब्बांचा तराजू मी कळायला लागल्यापासून पाहत आले. माप ते झुकते देत, वरून दोन मिरच्या आणि कोथिंबिरीच्या चार काड्या टाकत. पण त्या काड्यांचासुद्धा हिशेब त्यांच्या डोक्यात असे. घरी शिजणाऱ्या भाजीलाही दर असायचा. अम्मी वांगी चिरता चिरता विचारायची, आज काय भावाने गेली? नावाने बागवान असलेल्या त्या घरात वांग्याचे झाड मात्र कोणी लावले नव्हते. लावायला जागा नव्हती, आणि पाणी त्याहून नव्हते.

बी.एड. झाल्यावर २०१४ साली मी रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवायला आले. भाड्याने मिळालेल्या घरामागे जांभ्या दगडाचा गडगा घातलेले परसू होते. घरमालकिणीला सारे गाव नानी म्हणते. ती एकटीच राहते, दोन्ही मुलगे आखातात. तिने पहिल्याच दिवशी सांगितले, "लाव काय लावायचे ते, जमीन रिकामी ठेवू नये." पलीकडच्या कुणबीवाडीतल्या काकूंनी राखेत घोळून ठेवलेले पडवळाचे आणि दोडक्याचे बी दिले. शेणखतही त्यांच्याच गोठ्यातले. मी बियाण्याचे पैसे विचारले तेव्हा त्या हसल्या. "बियाचे पैसे घेत नाय मी. पुढल्या वर्षी मूठभर परत दे." ही गोष्ट घरी सांगितली तर माझे पती गमतीने म्हणाले, नीट मोजून परत कर, एका मुठीच्या दोन झाल्या तर ते व्याज होईल.

त्या वर्षी श्रावणात मांडवाला पहिली पडवळे लोंबली आणि बागवानाच्या मुलीला पहिल्यांदा प्रश्न पडला, हे कोणाचे? जमीन नानीची. बी आणि खत काकूंचे. पाणी आभाळाचे. माझे म्हणावे असे काय, तर आळी खणली, चार वासे पुरले, वेल वर चढवला.

चार पडवळांवर एवढा विचार कशाला, असे कोणी म्हणेल. पण 'माझे' या एका शब्दापायी भाऊ भावाला कोर्टात खेचतो. त्या शब्दाची परीक्षा एवढ्याशा जागेत घेता येत असेल तर घ्यावी, असे मला वाटते.

बी.एड.च्या अभ्यासात जॉन लॉक हा इंग्रज विचारवंत आम्हाला होता तो शिक्षणविषयक मतांसाठी. त्याचा मालकीबद्दलचा विचार मी नंतर वाचला. १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या राज्यशासनावरील ग्रंथात तो म्हणतो की निसर्ग सर्वांचा आहे, पण माणूस त्यात आपली मेहनत मिसळतो तेव्हा ती वस्तू त्याची होते. अट एवढीच की इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे. पुढे तर तो असाही हिशेब मांडतो की जमिनीतून येणाऱ्या उपयोगी वस्तूंच्या मोलात दहातले नऊ भाग मेहनतीचे असतात, बहुतेक ठिकाणी शंभरातले नव्याण्णव. हा हिशेब करणाऱ्याने कोकणातला पाऊस पाहिला नव्हता एवढे नक्की. माझ्या माहेरी वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला तरी लोक समाधान मानतात. इथे ३००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या पावसात वेल माझ्या मेहनतीने वाढला असे म्हणायला जीभ रेटत नाही. कुरआन शरीफच्या सूरह वाकिआमध्ये पेरणाऱ्याला उद्देशून असाच प्रश्न केला आहे की तुम्ही पेरता खरे, पण उगवता तुम्ही की आम्ही? परसवात उभे राहून ती आयत आठवली की उत्तर सोपे असते. बाजारात उभे राहून आठवली तर तितके सोपे नसते.

मला जास्त जवळचा वाटतो तो उश्रचा नियम. शेतीच्या उत्पन्नातून गरिबांचा वाटा काढावा, हे आपल्याला माहीत आहे. पण तो किती, यात जी बारीक नजर आहे तिच्याकडे आपण पाहत नाही. पाऊस किंवा झरे ज्या जमिनीला भिजवतात तिच्या उत्पन्नाचा दहावा भाग, आणि जिथे पाणी ओढून, शेंदून घालावे लागते तिथे विसावा. हे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी घालून दिलेले प्रमाण बुखारी शरीफमध्ये आहे. म्हणजे माणसाच्या मेहनतीला मान आहे. ती वाढली की दुसऱ्याचा वाटा निम्म्यावर येतो. पण शून्यावर येत नाही. कितीही बादल्या ओढल्या तरी विसावा भाग आपला नव्हेच.

पालेभाजीवर उश्र आहे की नाही, यात मतभेद आहेत. माझे माहेर हनफी, आणि हे गाव शाफई, कोकणातले बहुतेक मुसलमान तसेच. इमाम अबू हनीफा यांच्या मते जमीन जे जे पिकवते त्यात वाटा आहे, भाजीतसुद्धा. त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांना ते मान्य नाही. शाफई मतात टिकाऊ, पोट भरणारे धान्य आणि तेही पाच वसक, म्हणजे साधारण साडेसहाशे किलोच्या वर असेल तरच. थोडक्यात, गावाच्या हिशेबाने माझ्या पडवळांवर काही देणे लागत नाही आणि माहेरच्या इमामांच्या हिशेबाने लागते. फतवा द्यायचा अधिकार आलिमांचा. पण कायद्याने सूट मिळाली म्हणून प्रश्न मिटतो का, हे ज्याचे त्याने आपल्या परसवात उभे राहून ठरवायचे.

पावसाळ्यात देणे फार सोपे असते, ही एक अडचणच आहे. मृग लागला की गावभर आळ्यांत बिया पडतात आणि भादव्यात सगळ्यांच्याच मांडवाला दोडकी, पडवळे, काकड्या, कारली एकदम लागतात. अळू तर कोणी लावतही नाही. मग एक घर दुसऱ्या घरी दोडकी पाठवते, दुसरे तिसऱ्या घरी, आणि संध्याकाळी तीच दोडकी फिरून आपल्या दारात आली तर नवल वाटू नये. याला आपण देणे म्हणतो. खरे पाहता घरातली अडगळ कमी करण्याचा तो प्रकार आहे. जून झालेली, दोरे धरलेली भेंडी "तुम्हाला म्हणून आणली" असे म्हणून देताना मी बायकांना पाहिले आहे. सूरह बकरामध्ये यावर बोट ठेवलेले आहे की जी वस्तू तुम्हाला कोणी दिली असती तर डोळे मिटूनच घेतली असती, ती देऊ नका. भादव्यातल्या विसाव्या दोडक्यापेक्षा श्रावणातली पहिली काकडी देणे अवघड. वेलावर ती एकच असते, आणि पंधरा दिवस तिच्यावर घरातल्या सगळ्यांची नजर असते.

ती काकडी कधी कधी आपण देण्याआधीच जाते. गडग्याला लागून शाळेची वाट आहे. हदीसमध्ये आले आहे की मुसलमानाने झाड लावले किंवा शेत पेरले आणि त्यातून पक्ष्याने, माणसाने, जनावराने खाल्ले तर तो त्याचा सदका होतो. मुस्लिम शरीफमधील एका रिवायतीत त्याच्याही पुढचा शब्द आहे, जे चोरीला गेले तेही सदका. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला यात चोराला सवलत दिल्यासारखे वाटले. नंतर समजले की हे बोलणे चोराशी नाही, लावणाऱ्याशी आहे. चोराचा गुन्हा चोराच्या खात्यात राहतोच. लावणाऱ्याला एवढेच सांगितले आहे की तुझी मेहनत वाया गेली नाही, आता त्या पोराच्या मागे काठी घेऊन धावू नकोस. तरीही शिक्षिकेची पंचाईत उरते. चौथ्या बाकावरच्या मुलाच्या हाताला काकडीचा वास येत असतो आणि मी त्याला प्रामाणिकपणावरचा धडा शिकवत असते. अशा वेळी मी त्याला घरी बोलावते आणि वेलाला ताण कसा द्यायचा ते दाखवते. ज्याने हाताने वेल चढवला तो दुसऱ्याच्या वेलाला हात घालताना थबकतो, असा माझा अनुभव आहे. सगळे थबकत नाहीत.

शाळेतही परसबाग आहे. पोषण आहाराच्या योजनेत शाळांनी ती करावी असा शासनाचा आग्रह असतो. सगळी बाग सगळ्यांची म्हटली की दिवाळीच्या सुट्टीत तिला कोणी पाणी घालत नाही, आणि वर्गवार वाफे वाटून दिले की पाण्याच्या झारीवरून मारामाऱ्या होतात. १८४० साली फ्रोबेलने लहान मुलांच्या शाळेला 'मुलांची बाग' हे नाव दिले. त्याच्या आराखड्यात प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा होता आणि भोवती सर्वांची सामाईक जागाही होती. बी.एड.च्या परीक्षेत मी यावर टीप लिहून गुण मिळवले होते. तो दोन्ही का ठेवत होता हे मारामाऱ्या सोडवताना कळले.

बागेच्या वाट्याबद्दल सर्वांत कडक गोष्ट सूरह कलममध्ये आहे. काही बागवाले शपथ घेतात की उद्या पहाटेच फळे तोडू, एकही गरीब आत येऊ द्यायचा नाही. रात्री ते झोपेत असतानाच बाग उजाड होते. सकाळी ते पाहतात तेव्हा त्यांना वाटते आपण वाट चुकलो. आपल्या मजलिसींत ही गोष्ट अजाब म्हणून सांगतात. मला मात्र त्यातल्या एका तपशिलाचे नेहमी नवल वाटते. ते पहाटे निघाले तेव्हा एकमेकांशी कुजबुजत निघाले. बाग त्यांची, फळे त्यांची, मेहनतही त्यांचीच. मग आवाज दाबायचे कारण काय? ज्याला 'माझे' म्हणताना माणूस कुजबुजतो त्यात कोणाचा तरी वाटा आहे, हे त्याचे त्यालाच ठाऊक असते. वडिलोपार्जित जमिनीतून बहिणीचा हिस्सा काढून टाकताना आपल्या घरांत जे बोलणे चालते, तेही असेच हलक्या आवाजात चालते.

थंडी आली की परसवाचे रूप बदलते. मांडव उतरतो, वाफे पडतात. लाल माठ, मुळा, मेथी, वांगी, मिरची, गडग्यावर पावट्याचे वेल. पाणी आता विहिरीचे असते, म्हणजे विसाव्या भागाचा हंगाम सुरू होतो. (आमच्या उर्दूच्या पुस्तकात बहार आणि खिजाँ असे दोनच ऋतू पोरांना भेटतात, तेही इराणातून आलेले. इथे पाने गळतात त्याच दिवसांत आंब्याला मोहोर असतो, मग बहार कशाला म्हणायचे हे मुले विचारतात आणि मी विषय बदलते.) या हंगामात खाणारेही वाढतात. पावट्यावर मावा, वांग्यात अळी, मिरचीवर पोपट, आणि सगळ्यांवर कडी करणारी माकडे. कोकणात माकडांच्या त्रासाने कित्येकांनी परसू करणे सोडून दिले आहे. सदक्याची हदीस त्यांना ऐकवायला माझी हिंमत होत नाही. म्हाताऱ्या बाईने चार महिने राखलेला भोपळा एका सकाळी उष्टा करून फेकलेला असतो तेव्हा तिला वाटा देणारी म्हणावे की लुटलेली?

मारावे का, आणि किती, हाही प्रश्न टळत नाही. एका पैगंबरांना मुंगी चावली म्हणून त्यांनी मुंग्यांचे सारे वारूळ जाळले, तेव्हा एका मुंगीपायी तस्बीह करणारी एक सबंध जमात जाळलीस का, असे त्यांना विचारले गेले, ही हदीस प्रसिद्ध आहे. त्यातून मी माझ्यापुरते एवढे घेते की चावणाऱ्याचा बंदोबस्त करता येतो, जमातीचा नाही. मावा हाताने पुसायचा, राख टाकायची, लिंबोळीचा अर्क मारायचा. वांग्यातली अळी वांग्यासकट काढून टाकायची. सबंध परसवावर जालीम औषध मारले तर मावा खाणारे किडेही मरतात आणि पुढच्या वेळी मावा दुप्पट येतो, हे विज्ञानाच्या तासाला मीच शिकवते. पण औषध मारणाऱ्या शेतकऱ्याला मी नावे ठेवणार नाही. त्याचे पोट त्या पिकावर आहे. माझे पगारावर आहे, म्हणून मला मुंगीचा विचार परवडतो.

मार्चपासून मात्र सारा विचार फळावरून उठतो आणि पाण्यावर येऊन बसतो. जांभ्याच्या जमिनीत पाणी थांबत नाही. ज्या गावावर चार महिने आभाळ ओततो, त्याच गावात एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो आणि टँकरची वाट पाहत कळश्यांची रांग लागते. सोलापूरहून येणाऱ्या पाहुण्यांना हे पटत नाही. अशा दिवसांत मी दोन बादल्या वांग्यांना घातल्या तर त्या वांग्यांवर माझी मेहनत पावसाळ्याच्या दसपट झालेली असते. लॉकच्या हिशेबाने ती पुरती माझी. उश्रच्या हिशेबानेही एकोणीस भाग माझे. आणि तरीही ती खाताना घास अडकतो, कारण इथे वाटा वांग्यात नाही, बादलीत आहे. पाणी, चारा आणि विस्तव यांत सारे भागीदार आहेत, ही हदीस आपण भिंतीवर लिहितो. फिकहच्या पुस्तकांत याची फोड आहे. शेत भिजवण्याच्या हक्काला तिथे 'शिर्ब' म्हणतात आणि पिण्याच्या हक्काला 'शफा'. शफा म्हणजे ओठ. ओठांचा हक्क आधी, पिकाचा नंतर. पाणी ओढण्यात कितीही घाम गाळला तरी हा क्रम बदलत नाही. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी वांगी-मिरची उपटून टाकते. नानीला हे आवडत नाही. जिवंत झाड उपटू नये, वाळेल तेव्हा वाळेल, असे तिचे म्हणणे. पण उभे झाड दिसले की हात बादलीकडे जातो, हे मी ओळखून आहे.

एक मोगरा तेवढा राहतो, आणि कोपऱ्यात पुदिना. मोगऱ्याचा दिमाख असा की ज्या महिन्यात पाणी सर्वांत महाग, त्याच महिन्यात तो फुलणार. फुलाने कोणाचे पोट भरत नाही. मग शेजारी कळशी रिकामी असताना त्याला पाणी घालणे कितपत बरोबर? हा प्रश्न मी बरीच वर्षे टाळला नाही, पण त्याचे पुरते उत्तरही मला मिळाले नाही. त्याला चांगले पाणी द्यायचे नाही, एवढे ठरवले. वुजूचे पाणी घमेल्यात धरायचे आणि तेच त्याच्या मुळाशी ओतायचे. एकदा वापरलेले वुजूचे पाणी पाक असते, पण त्याने दुसरा वुजू होत नाही. मोगऱ्याला त्याने काही बिघडत नाही. २०१८ चा रमजान १७ मे रोजी सुरू झाला आणि ईद आली १६ जूनला, म्हणजे कडक ऊन आणि पहिला पाऊस दोन्ही एकाच महिन्यात. आपला महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरतो आणि तेहतीस-एक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो, म्हणून असा रमजान आयुष्यात एखाद-दोनदाच वाट्याला येतो. दिवसभर स्वतःच्या ओठाला थेंब नाही आणि असरच्या वुजूचे पाणी घमेल्यातून पुदिन्याला जाते आहे, तेव्हा कोण कोणाचा मालक हा प्रश्न जरा बाजूला पडतो.

भाजी आणि फूल यांत मला एक फरक दिसतो. भाजीचा वाडगा पाठवला की तो रिकामा परत करायचा नाही, अशी रीत आहे. घेणाऱ्यावर काही तरी उलट देण्याचा भार पडतो, आणि ज्याच्या घरी काहीच नसते तो वाडगा घेतानाच संकोचतो. कोणी सुगंधी फूल-पाला दिला तर नाकारू नये, कारण तो वाहायला हलका आणि वासाला चांगला, अशी हदीस मुस्लिम शरीफमध्ये आहे. हलका हा शब्द मला वजनाचाच वाटत असे. आता त्यात उपकाराचे वजनही दिसते. टँकर येतो त्या दिवशी सकाळी मी ओंजळभर मोगरा घेऊन रांगेत उभी राहते. काकू दोन फुले घेतात, नानी एक कानामागे खोचते आणि मग आम्ही कळश्या पुढे सरकवतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात वुजूचे पाणीसुद्धा दुसऱ्या कामाला साठवून ठेवावे लागते. तेव्हा मोगऱ्याला काहीच मिळत नाही. एका वर्षी तो तसाच वाळला. नानीने छाटून ठेवलेल्या फांद्या जूनमध्ये गडग्याजवळ खोचल्या, त्यांतली एक जगली.